घामाघूम इतिहास

माझ्या तळहातांना घाम येतो. साधासुधा नव्हे, टपटपणारा. शाळेत पेपर लिहिताना मी हाताखाली टीपकागद घेऊन बसत असे. तरी एकदा इतिहासाच्या पेपरात अख्खं पानिपत शाईच्या पुरात वाहून गेलं आणि मास्तरांनी ते पान साऱ्या वर्गाला दाखवलं. पुढे हिला बघायला गेलो, तर चहाची बशीच हातातून निसटली. ‘मुलगा घाबरट दिसतो,’ असं सासरेबुवांचं मत झालं आणि ते त्यांनी अखेरपर्यंत बदललं नाही. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की मी झटकन नमस्कार करून टाकतो. लोकांना वाटतं, काय हा संस्कृतीचा अभिमान!

आमचे डॉक्टर म्हणाले, ‘‘तुमच्या घामाच्या ग्रंथी चारचौघांइतक्याच आहेत. अंगभर वीस ते चाळीस लाख. त्यांना हुकूम सोडणाऱ्या नसा तेवढ्या उतावीळ. झोपेत येतो का हाताला घाम?’’

‘‘नाही.’’

‘‘मग घाबरू नका.’’

न घाबरणं जमलं असतं तर घाम कशाला आला असता? शेवटी निवृत्तीनंतर मी या शत्रूचा इतिहासच काढायला बसलो.

पहिला मुक्काम आपल्या घरचा, चरकसंहिता. सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय सबंध घाम काढण्यावर आहे. उष्णतेनं घाम काढायचे तेरा प्रकार, आणि विस्तवाशिवाय काढायचे आणखी दहा. त्या दहांत व्यायाम आहे, ऊन आहे, जाड पांघरूण आहे, भूक आहे, आणि चक्क भय आणि क्रोधही आहेत! मी हिला म्हटलं, ‘‘बघ, माझा घाम शास्त्रात बसतो. भयस्वेद!’’

‘‘अहो, आणि माझा क्रोधस्वेद. उठा आता, दळण आणायचंय.’’

आमची आजी यातली घोंगडीची शाखा चालवायची. ताप आला की काढा पाजून कोंडायचं आणि घाम फुटला की ‘उतरला हो!’ म्हणून जाहीर करायचं. ताप उतरायला लागतो म्हणून घाम फुटतो, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आजीही गेली आणि घोंगडीही.

दुसरा मुक्काम इटली. तिथे सांतोरिओ नावाचे एक वैद्य होऊन गेले. या गृहस्थांनी तराजूला खुर्ची टांगली आणि तीत बसून जेवायला सुरुवात केली. स्वतःचं वजन, ताटातल्या अन्नाचं वजन, बाहेर पडलेल्या सगळ्याचं वजन! हा उद्योग त्यांनी तीसएक वर्षं केला म्हणतात. हिशेब असा की आठ पौंड पोटात गेलं, तर त्यातलं पाच पौंड कुणालाही न दिसता अंगावाटे उडून जातं. 1614 साली त्यांनी यावर पुस्तक काढलं. त्यातला बराच वाटा श्वासावाटे जातो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण न दिसणारा घाम तराजूत धरायचा, ही कल्पना काही लहान नव्हे. पुरेसं खाल्लं की खुर्ची खाली जायची, अशी सोयही होती. आमच्याकडे ते काम हिच्या एका नजरेत होतं.

इथवर मी हसत होतो. तिसरा मुक्काम न्यूयॉर्क, ऑगस्ट 1948. उष्णतेची लाट आली आणि इस्पितळात मुलं गळून येऊ लागली. डॉ. पॉल दि सांत अग्नीसे, हेही मूळचे इटलीचेच, यांच्या लक्षात आलं की त्यांत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं फार आहेत. डॉ. डोरोथी अँडरसन यांनी 1938 साली वर्णन केलेला हा रोग फुप्फुसांचा आणि पचनाचा. उन्हाशी त्याचं काय नातं? पाच वर्षांनी, 1953 साली उलगडा झाला. या मुलांच्या घामात मीठ अतोनात होतं.

ग्रंथीच्या तळाशी घाम खारटच तयार होतो. नळीतून वर येताना अंग त्यातलं बरंचसं मीठ परत घेतं, काटकसरी गृहिणीसारखं. या मुलांच्या नळ्यांना ते परत घेता येत नाही. निदानासाठी आधी मुलांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घाम काढत, ते धोक्याचं होतं. 1959 साली गिब्सन आणि कुक यांनी सौम्य विजेनं पायलोकार्पिन हे औषध कातडीत उतरवून हातावरच्या पैशाएवढ्या जागेतून घाम काढला. निदानाची मुख्य चाचणी आजही तीच. 2012 पासून आलेली काही औषधं तर या घामातलं मीठच कमी करतात.

पण मला चटका लावला तो वेगळ्याच गोष्टीनं. ज्या बाळाचा मुका घेतला की खारट लागतो ते जगत नाही, अशी युरोपात जुनी समजूत होती. म्हणजे हे निदान प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी आयांच्या ओठांवर होतं. फक्त उपाय नव्हता.

परवा मे महिन्याच्या भर उन्हात नातू खेळून आला. कपाळावरून धारा. मी त्याला ओढून पापा घेतला.

‘‘अहो, आधी त्याचा घाम पुसा तरी!’’ ही ओरडली.

पुसला नाही. खारट होता, पण आपला नेहमीचा, घरगुती खारट. मी आणखी एक घेतला, आणि माझ्या ओल्या हातांतून तो नेहमीसारखा निसटून पळाला.