क्ष-किरण फिल्म: घरातले दफ्तर आणि सपाट काचेचा स्कॅनर

आधुनिक औद्योगिक इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर कारखान्यांचे अहवाल, कामगार संघटनांची पत्रके आणि सरकारी गॅझेटियर येतात. कामगाराच्या छातीची एक्स-रे फिल्म मात्र क्वचितच कोणी साधन म्हणून धरतो. या पाठात आपण याच साधनाचा विचार करणार आहोत. ते टिकते कसे, नष्ट कसे होते आणि स्कॅनरच्या काचेवर ठेवल्यावर त्यातले काय उरते, हे पाहू.

उदाहरण म्हणून दुर्ग-भिलाई परिसर घेऊ. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे येथे मराठी कुटुंबांचे येणे-जाणे जुनेच. आज बोरसीसारख्या वस्त्यांत कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची घरे आहेत. अशा घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा गादीखाली, तपकिरी पाकिटातल्या फिल्म सापडतात. आपल्याकडे फिल्म बहुधा रुग्णाच्या हाती दिली जाते. म्हणजे ज्याचे शरीर, त्याच्याच घरी दफ्तर!

ही गोष्ट किरकोळ नाही. भरती रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे ठेवाव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम सांगतो. सिलिकोसिस हा रोग मात्र दगडाची, वाळूची किंवा सिलिका विटेची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यावर, पुष्कळदा दहा-वीस वर्षांनी दिसू लागतो. पोलाद उद्योगात कोक भट्ट्यांचे अस्तर सिलिका विटांचे असते. ते फोडणे, कापणे, नव्याने रचणे या कामांत ही धूळ उडते. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता आणि १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार तो कळवण्याजोगा रोग होता. पण हक्क सांगायचा तर रोग दाखवावा लागतो, आणि तो केव्हापासून आहे हे दाखवायला जुनी फिल्म लागते. तीन वर्षांचा नियम आणि वीस वर्षांचा रोग यांच्यामधली दरी कोणी भरून काढली असेल, तर ती घरातल्या ट्रंकेनेच. गुजरातेत दगड दळण्याच्या कारखान्यांत काम करून दगावलेल्या मध्य प्रदेशातील २३८ कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. अशा प्रकरणांत वैद्यकीय पुरावा जपलेला असणे किती मोलाचे, हे सांगायला नको.

आता फिल्मकडे वळू. राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, तेव्हा प्रतिमा काचेच्या पट्टीवर घेत. पहिल्या महायुद्धात चांगल्या काचेची टंचाई झाली आणि फिल्मला वाव मिळाला. १९१८ पासून दोन्ही बाजूंना रासायनिक लेप असलेली फिल्म आली. तिला कमी किरण पुरत. मात्र तिचा पाया नायट्रेटचा होता, आणि नायट्रेट भडकून पेटतो. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या रुग्णालयात साठवलेल्या एक्स-रे फिल्मना आग लागून १२३ माणसे दगावली, बहुतेक विषारी वायूने. (पुण्यात २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, तो याच पदार्थाचा गुण.) पुढे अ‍ॅसिटेट आणि नंतर पॉलिएस्टर आले. भिलाईच्या घरांतली फिल्म या दोहोंपैकी एक असणार. तिला सिरक्याचा वास येत असेल, तर अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. तिचे स्कॅनिंग आधी करावे. पुढच्या दशकांत उदगमंडलमच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही देशात वापरली जाऊ लागली.

फिल्मचा खरा शत्रू आग नव्हे, चांदी आहे. काळी प्रतिमा ही धातुरूप चांदीच असते, म्हणून भंगारवाला फिल्म वजनावर विकत घेतो आणि लेप धुऊन चांदी काढतो. सूर्यग्रहणाच्या दिवशी फिल्म डोळ्यांसमोर धरणारेही थोडे नव्हते. त्यात डोळेही बिघडत आणि फिल्मवर बोटांचे ठसे व ओरखडेही पडत.

स्कॅनिंगची अडचण इथून सुरू होते. कार्यालयातला साधा फ्लॅटबेड स्कॅनर कागदासाठी बनलेला असतो: काचेखालून प्रकाश टाकायचा आणि परतलेला मोजायचा. फिल्म त्यावर ठेवली तर काळा चौकोन मिळतो. वरून पांढरा कागद ठेवल्यास थोडे दिसते, पण मग प्रकाश फिल्ममधून दोनदा जातो आणि काळेपणा दुप्पट मोजला जातो. गडद भागातला तपशील यात बुडतो. फिल्मचा काळेपणा लघुगणकी मापात सांगतात: घनता १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश पार होतो, ३ म्हणजे हजारावा. छातीच्या फिल्मचे गडद भाग तिथवर जातात. म्हणून झाकणातही दिवा असलेला, पारदर्शक वस्तूंसाठीचा स्कॅनर लागतो. त्यातही पुष्कळ यंत्रांच्या झाकणातला दिवा छोट्या निगेटिव्हपुरताच अरुंद असतो.

मोठी फिल्म १४ गुणिले १७ इंचांची, म्हणजे ए-३ कागदापेक्षाही मोठी. ती दोन भागांत, मध्ये दोन-तीन इंच पट्टा दोन्हींत येईल असे स्कॅन करून जोडावी लागते. दोन्ही वेळा आपोआप उजेड जुळवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर एक फुप्फुस उजळ आणि दुसरे काळवंडलेले निघते. हौशी लोक येथे डीपीआय वाढवण्याच्या मागे लागतात, ते मला अनाठायी वाटते. सिलिकोसिसचे सर्वांत लहान गोल डाग आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या वर्गीकरणात दीड मिलिमीटरपर्यंतचे धरले आहेत. १५० डीपीआयला एक बिंदू सुमारे ०.१७ मिलिमीटर, म्हणजे अशा डागावर आडवे आठ-नऊ बिंदू येतात. आकार पुरतो; हरवते ती छटा. ८ बिटमध्ये २५६ छटा, १६ बिटमध्ये ६५,५३६. म्हणून १६ बिट करड्या छटांत, टिफ स्वरूपात जपावे. ३०० डीपीआयला अशी एक फिल्म सुमारे ४३ मेगाबाइट होते, आजच्या साठवणीला ते जड नाही.

प्रतिमा ‘धारदार’ करणे, धूळ पुसणारी सोय वापरणे हे टाळावे. बारीक ठिपके हाच ज्या रोगाचा पुरावा, तिथे ठिपके पुसणारे साधन काय करील याचा विचार करा. श्रमसंघटनेच्या वर्गीकरणाची मुळे १९३० च्या जोहान्सबर्ग परिषदेत आहेत. २०११ च्या आवृत्तीत त्यात डिजिटल प्रतिमा आल्या, पण त्या थेट डिजिटल यंत्राने घेतलेल्या. त्यामुळे स्कॅन झाले म्हणून मूळ फिल्म भंगारात देऊ नये.

शेवटी नोंदींबद्दल. पाकिटावरचे हस्ताक्षर, तारीख, विभागाचे नाव, सोबतचा अहवाल हे सारे साध्या रीतीने वेगळे स्कॅन करावे आणि फिल्मच्या कडा न कापता घ्याव्यात, कारण नाव व क्रमांक कोपऱ्यातच छापलेला असतो. साध्या निगेटिव्हची मंद बाजू पाहून आपण उलट-सुलट ओळखतो. दोन्ही बाजूंना लेप असलेल्या फिल्मवर ती खूण मिळत नाही. तेव्हा शिशाचे ‘आर’ किंवा ‘एल’ अक्षर आणि नावाची अक्षरे सरळ वाचता येतात का ते पाहून फिल्म काचेवर ठेवावी. उलटी ठेवली गेली, तर हृदय उजवीकडे असलेला माणूस नोंदीत शिरतो.