पाचशे बारा बाइटांचा पूल

गेल्या विकांताला जुना लॅपटॉप साफ करत होतो, तर चॅटची एक फाइल सापडली. शेवटची ओळ माझी, ५ ऑगस्ट २०२३ ची: 'काका, पॅच बघितलात का?' एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मराठी भाषांतराचं काम आम्ही तिघं-चौघं करायचो, त्यातलीच ही बातचीत. उत्तर आलंच नाही. मला वाटलं, काका रागावले. प्रत्यक्षात पूलच बंद झाला होता!

तर मंडळी, थोडा इतिहास. आयआरसी हे प्रकरण ऑगस्ट १९८८ चं, फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने लिहिलेलं (म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं). १९९३ च्या आरएफसी १४५९ प्रमाणे एक संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटांचा, चॅनलचं नाव वगैरे धरून. आता यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. नुसता 'नमस्कार' २१ बाइटांचा! त्यामुळे तिथे मराठी माणूस आपोआप मितभाषी होतो. आणि मुख्य म्हणजे मूळ आयआरसी सर्व्हर काही लक्षात ठेवत नाही. तुम्ही नव्हतात, तर जे बोललं गेलं ते गेलं. कट्ट्यासारखं.

२०१४ मध्ये मॅथ्यू हॉजसन आणि अमांदीन ल पाप यांनी मॅट्रिक्स आणलं. इथे सगळं साठून राहतं, लिहिलेलं दुरुस्तही करता येतं. माझ्यासारखी पोरं तिकडे, जुनी खोडं आयआरसीवर. मोझिलाने सरळ निर्णय घेतला, मार्च २०२० मध्ये आपला आयआरसी सर्व्हर बंद केला आणि मॅट्रिक्सवर गेले. बाकी अनेकांनी मात्र पूल बांधले. मे २०२१ मध्ये मालकीच्या वादातून फ्रीनोडचे कार्यकर्ते बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट काढलं, आणि पूल तिथेही पोचला.

पूल म्हणजे काय, तर मॅट्रिक्सवरच्या प्रत्येक माणसामागे आयआरसीवर एक बाहुली. तुम्ही इकडे बोललात की ती तिकडे बोलणार. आयआरसीवर दुरुस्ती हा प्रकारच नाही, म्हणून सुधारलेलं वाक्य पुन्हा नव्याने जायचं. एकदा मी एक ओळ चारदा सुधारली. पलीकडून काका म्हणाले, "अरे, ऐकू आलं रे पहिल्यांदाच!"

इथवर गंमत. पण २०२३ च्या उन्हाळ्यानंतर कळलं की हजेरीचा हिशोब दोन्हीकडे जुळत नव्हता. काही वेळा बाहुली निघून गेलेली, माणूस मात्र मॅट्रिक्सवर ऐकतोय. लिबेराच्या विनंतीवरून ५ ऑगस्टला पूल बंद झाला, 'तात्पुरता'. नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की तो परत येणार नाही.

मी तेव्हा जाम चिडलो होतो. जुन्या लोकांचा हट्ट, दुसरं काय! आज तसं वाटत नाही. कट्ट्यावरची माणसं समोर कोण बसलंय ते बघून बोलत होती, आणि आमच्या बाजूला त्यांचा शब्द न् शब्द साठत होता. त्यांना कुणी विचारलं होतं? मी तरी नाही.

असो. दोन आठवड्यांनी मी आयआरसीचा क्लायंट टाकून चॅनलवर गेलो. काका तिथेच.

"होतास कुठे? दोन दिवस तुझ्या पॅचवर बोलत होतो मी."

सर्व्हरवर त्यातलं काही नव्हतंच. काकांनी स्वतःच्या मशीनवरचा लॉग उघडून एकेक ओळ पुन्हा चिकटवली. सतरा चुका होत्या.