मागच्या सीटवरचा पट्टा

२२ एप्रिल २०१४, गोपीनाथ मुंडेंच्या अपघाताच्या बेचाळीस दिवस आधी. रस्ता सुरक्षेचे कायदे कागदावरच राहतात, म्हणून सर्वोच्च न्यायालय न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमतं. मागच्या सीटवर समोर तोंड करून बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, हा केंद्रीय मोटार वाहन नियम तेव्हाही होताच. नियम परिवहन मंत्रालयाचा, दंड वाहतूक पोलिसांचा, चौक नगरपालिकेचा, जखमी आरोग्य खात्याचे. या सगळ्यांचा मेळ बसत नव्हता.

२६ मे, आठ दिवस आधी. परळीजवळच्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे केंद्रात ग्रामविकासमंत्री होतात. धर्मापुरीपासून गेवराईपर्यंत बीड जिल्हाभर आनंद.

३ जून, पहाटे. दिल्लीहून मुंबईचं विमान, तिथून बीड. इकडे सत्काराची तयारी झालेली. साहेब मागच्या सीटवर बसतात. पट्टा लावत नाहीत. त्या गाडीत पट्टा होता. मागे बसून तो लावायची सवय मात्र आपल्यापैकी कोणालाच नव्हती, आणि लावा म्हणून कोणी हटकतही नव्हतं.

६.२०च्या सुमारास. पृथ्वीराज रोड-तुघलक रोड चौकात एक इंडिका त्यांच्याच बाजूला धडकते. ते पाणी मागतात, दवाखान्यात न्यायला सांगतात.

६.३०. एम्सचं ट्रॉमा सेंटर. श्वास नाही, नाडी नाही. डॉक्टर शर्थ करतात.

७.२०. मृत घोषित.

शवविच्छेदनात यकृत फाटून झालेला मोठा रक्तस्राव आणि मानेची दुखापत आढळली. पट्ट्यानं ते वाचलेच असते, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले: मागचा पट्टा शोभेचा, या गैरसमजापायी मित्र गेला.

४ जून, परळी. अंत्यसंस्काराला लोटलेला जनसागर सीबीआय चौकशी मागत होता. चौकशी झाली. पट्ट्याचं काय?

२०१९च्या दुरुस्तीनं दंड हजार रुपये झाला. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरमध्ये सूर्या नदीच्या पुलावर अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागे, विनापट्टा. मग कुठे मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून मागच्या पट्ट्याची सक्ती जाहीर केली. मधली आठ वर्षं कोणाच्या हिशेबात धरायची?

आपल्याकडे प्रश्न पट्ट्यापुरता नाही. ज्या ऊसतोड कामगारांसाठी मुंडे आयुष्यभर भांडले, त्यांनी तोडलेला ऊस अंधारात रस्त्यावर येतो. ट्रॉलीच्या मागे ऊस इतका बाहेर आलेला की रिफ्लेक्टर असला तरी झाकून जातो. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती दहा-पंधरा फुटांवर. ट्रॉली कारखान्याच्या गव्हाणीपाशी रोज येते, नोंदणी आरटीओकडे, रस्ता बांधकाम विभागाचा, पंचनामा पोलिसांचा. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत कलेक्टर, एसपी, आरटीओ, बांधकाम, आरोग्य सगळे बसतात. त्या बैठकीला कारखान्यांनाही बोलवा, आणि गाळप सुरू व्हायच्या आत, ज्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर मागून दिसत नाही ती काट्यावर घ्यायची नाही, असा ठराव करा.