एमएक्सपीएक्स (बँड)

अमेरिकी पंक रॉक बँड. स्थापना 1992, ब्रेमर्टन (वॉशिंग्टन राज्य). मुंबईच्या खाडीपलीकडे नवी मुंबई, तसे सिॲटलसमोरच्या पाण्यापलीकडे हे नौदलाच्या गोदीचे गाव. माइक हरेरा (गायन, बेस), युरी रुली (ड्रम) आणि अँडी हस्टेड (गिटार) ही शाळकरी मुले ‘मॅग्निफाइड प्लेड’ या नावाने वाजवू लागली. भित्तिपत्रकावर ते लांबलचक नाव मावेना, म्हणून आद्याक्षरे आली. रुलीच्या हस्ताक्षरातले पूर्णविराम फुलीसारखे दिसत, त्यातून आजचे नाव रूढ झाले.

ब्रँडन एबेलच्या ‘टूथ अँड नेल’ या ख्रिस्ती वळणाच्या ध्वनिमुद्रण कंपनीने 1994 मध्ये त्यांचा ‘पोकिनाचा’ हा पहिला अल्बम काढला. 1995 मध्ये हस्टेडच्या जागी टॉम विस्निएव्स्की आला. त्याच वर्षी ‘टीनेज पॉलिटिक्स’, तर 1996 मध्ये ‘लाइफ इन जनरल’ प्रसिद्ध झाला. मात्र ‘ख्रिस्ती बँड’ हे लेबल त्यांना पुरते बसत नाही. श्रद्धा होती, पण गाण्यांत प्रवचन कमी. मैत्री, प्रेम आणि पौगंडावस्थेतली घुसमटच जास्त. ‘ए अँड एम’ या बड्या कंपनीबरोबर आलेल्या 1998 च्या अल्बमला अमेरिकेत ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळाले.