टाचण संध्याकाळी

अंगणवाडी हा शब्द आता इतका सरकारी झालाय, की त्यात अंगण आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. खिचडी, वजनकाटा, रजिस्टरं, मानधनाचा मोर्चा, एवढंच डोळ्यांपुढं येतं. पण आमच्या डहाणू तालुक्यात, बोर्डी-घोलवडच्या पट्टीत हा शब्द रुळला तेव्हा ते खरोखरीचं अंगण होतं. शेणानं सारवलेलं, कडेला कोंबड्यांचं खुराडं, दोरीवर वाळणारी लुगडी, आणि मधोमध बसलेली पाच-पंचवीस पोरं. मी 1981 साली या कामाला लागले. ताराबाई मोडक जाऊन तेव्हा आठ वर्षं झालेली. पण त्यांच्या वेळच्या गोष्टी सांगणाऱ्या बाया गावात होत्या, आणि दुपारच्याला पोरं घरी गेली की आम्ही त्यांना बोलतं करायचो.

ताराबाई मुंबईच्या, शिकल्यासवरलेल्या. 1923 साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला कसं वाढवावं हा प्रश्न पडला, त्यातून माँटेसरीबाईंचे विचार हाती लागले, आणि वकिली सुटली ती सुटलीच. 1920 साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. माँटेसरीबाईंनी त्याआधी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत पहिलं बालघर उघडलेलं. मोकळं सोडलं तर लहान मूल आपलं काम आपण निवडतं, आणि आवडलं तर तेच दहा-वीसदा करतं, कुणी शाबासकी दिली नाही तरी करतं, हे त्यांनी तिथं डोळ्यांनी पाहिलं. बाईनं बोलायचं थोडं आणि बघायचं जास्त, हा त्यातला गाभा. 1926 साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढं 1936 साली दादरला शिशुविहार निघालं.

हे सगळं शहरातलं. गुलाबी मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या, पॉलिश केलेलं लाकूड. खेड्यात कोण घेणार ते? 1945 साली ताराबाई बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. अनुताई मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. दोघींच्या वयात अठरा वर्षांचं अंतर, पण पुढचं सगळं आयुष्य या कामात गेलं.

1945 हे साल आमच्याकडे दुसऱ्याच कारणानं लक्षात आहे. त्याच वर्षी वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकर गावोगाव फिरत होत्या. जंगलपट्टीत माणसं पहिल्यांदा मान वर करून बोलू लागली, आणि त्याच तालुक्यांच्या अंगाला समुद्रकाठी दोन बाया मुलांना शंख-शिंपले मोजायला देत होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध जोडणं बरोबर नाही, पण मला त्या एकाच हवेतल्या वाटतात.

बोर्डीत बालवाडी उघडली, ती ठरल्या जागी, ठरल्या वेळी. साहित्याचा प्रश्न समुद्रानं आणि झाडांनी सोडवला. चिंचोके, गुंजा, सागरगोटे, शिंपले, पानं. लहानमोठं लावायला दगडगोटे, रंगाच्या छटा लावायला कोवळ्यापासून जून झालेल्या पानांपर्यंतची ओळ. पण वस्तीवरची पोरं येईनात. दलित वस्तीतली तर नाहीच नाही. कुणाच्या कडेवर धाकटं भावंडं, कुणाची आई पहाटेच मजुरीला, कुणाला अंगात घालायला नाही, आणि गावच्या वाटेवरून त्या वस्तीतल्या पोरानं ताठ चालत यायचं म्हणजे काय, हे तेव्हाच्या माणसांना सांगायला नको.

शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? आईबापांना व्याख्यान दिलं असतं. या बायांनी चटया, खोका उचलला आणि वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. पोरांनी न येऊन जे सांगितलं, ते त्यांनी ऐकलं. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणं, मग खेळ. जवळ पोचत होती ती मुलं मध्यवर्ती बालवाडीत, आणि न पोचणाऱ्यांसाठी ही अंगणातली, अशा दोन तऱ्हा झाल्या. अंगणवाडी ती ही.

मग काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेलं. तिथं पोरं सकाळीच गुरं घेऊन रानात. तर शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळाच म्हणत. गुरं चरतात तिकडं लक्ष ठेवून झाडाखाली अक्षरं. मोठी मुलगी शाळेत यायची तर कडेवरचं मूल कुठं ठेवणार? म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, त्याचं नाव विकासवाडी. नीट पाहिलं तर यातला प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या पोराच्या अडचणीनं घडवलाय. पोरांच्या मागं मागं जात योजना झाली.

सरकारनं 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना काढली, देशभरात 33 प्रकल्प, आणि केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. नाव आलं. सोबत तक्ते आले, वेळापत्रक आलं. साडेदहा ते अकरा गाणी, अकरा ते साडेअकरा रंगओळख. माझा तक्रारीचा सूर नाही. चाळीस पोरं, एक सेविका, एक मदतनीस, लसीकरणाचा दिवस, आहाराचा हिशेब, त्यात वेळापत्रक नसेल तर घोळ होतो. पण एक दिवस सांगते.

आवणं काढून लावणी चालू होती. आमच्या पाड्यावरची निम्मी पोरं बांधावर. मी उरलेल्यांना घेऊन बांधाकडेच गेले. तिथं एकानं बिळातून चिंबोरी काढली. पाय किती, यावर भांडण जुंपलं. एक म्हणे आठ, एक म्हणे दहा. नांग्या पायांत धरायच्या की हातांत, हा वाद. एक पोरगी म्हणाली, "बाई, नऊच हायेत." तिच्या चिंबोरीचा एक पाय तुटलेला. मी काही बोलले नाही. तासभर मोजणं चाललं, मग चिखलात चित्रं, मग चिंबोऱ्या लहानमोठ्या लावणं. नांगी कोण आधी धरतं, हेही झालं, त्यात एकाचं बोट चिमटलं.

नेमकं त्या दिवशी वरचे साहेब आले. केंद्रात कुणी नाही. आम्हाला शोधत बांधावर आले, बूट हातात धरून.

"बाई, आजचं टाचण कुठंय?"

"साहेब, संध्याकाळी लिहीन."

"टाचण आदल्या दिवशी काढतात."

"उद्या चिंबोरी निघेल हे काल कसं लिहू, साहेब?"

हसले नाहीत. भेटवहीत शेरा पडला, पुढं लेखी खुलासा द्यावा लागला. मी तो दिला, दोन पानी, कुठल्या पोरानं किती मोजले ते सगळं नावानिशी. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

खरा विरोध मात्र आयांकडून होता. "खेळायलाच न्यायचं तर घरी काय कमी हाय?" असं तोंडावर म्हणायच्या. त्यांचं चूक नव्हतं. पाटी आणि एबीसीडी म्हणजे पोरगं मजुरीतून सुटेल याची निशाणी. मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे, हे त्यांना पटवायला महिने लागत. उलट याला जास्त तयारी लागते. बी कधी पडतं, ओढ्यात काय सापडतं, कोण पोरगं कशाशी रमतं, हे बाईला ठाऊक पाहिजे. तोंडाशी शब्द तयार पाहिजे, आणि तो गिळताही आला पाहिजे. हे गिळणं मला शिकवावं लागलं नाही, आमच्या घरात मी सहावी मुलगी.

संध्याकाळचं टाचण मी पुढंही लिहीत राहिले. कोण कुठं थांबलं, काय विचारलं, उद्या त्याच्यासमोर काय ठेवायचं. त्यातल्या दोन वह्यांना वाळवी लागली. बाकीच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. मागल्या दिवाळीत त्या नऊ पायवालीचा मुलगा आला होता, कॉलेजात आहे. त्याला पान काढून दाखवलं. आईचं नाव वाचलं, मग म्हणाला, "हिला विचारा, तुटलेला पाय नंतर उगवतो. ती अजून भांडते त्यावरनं."