न लढणारा बैल

२०१४ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन डी.सी. येथे पोकेमॉन या व्हिडिओ गेमची जागतिक स्पर्धा झाली आणि वरच्या वयोगटात दक्षिण कोरियाचा से जुन पार्क जिंकला. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक खेळाडू सहा काल्पनिक प्राण्यांचा संघ घेऊन येतो, त्यांतले चार डावासाठी निवडतो आणि एका वेळी दोन मैदानात उतरवतो. प्रत्येक प्राण्याच्या बळाचे आकडे ठरलेले असतात आणि मुरलेल्या खेळाडूंना ते पाठ असतात. पार्कच्या संघात गारचॉम्प नावाचा ड्रॅगन होता. त्याच्या मूळ आकड्यांची बेरीज ६००. त्याच संघात पाचिरिसु नावाची एक खारही होती. तिची बेरीज ४०५. एवढ्या मोठ्या स्पर्धेत ही खार कुणी सहसा आणत नसे.

पार्कने तिला मारायला आणलेच नव्हते. तिच्याकडे ‘फॉलो मी’ नावाचा डाव होता. तो टाकला की शत्रूचे वार शेजारच्या साथीदाराला सोडून तिच्याकडे वळतात. शेजारी असे ग्याराडोस नावाचा अजस्र जलचर, आणि त्याला सगळ्यांत मोठे भय विजेचे. खारीचा स्वभाव असा की विजेचा वार तिला लागत नाही, उलट त्याने ती ताजीतवानी होते. म्हणजे जो वार मोठ्याला लोळवणार, तो लहानीचा खाऊ. बेंगळुरूत वाढलेल्या माझ्या भाच्याने हे मला समजावून सांगितले तेव्हा तो खारीच्या शौर्याचे कौतुक करत होता. मला त्यात शौर्यापेक्षा हिशेब अधिक दिसला. आकड्यांच्या तक्त्यात प्राण्याचे बळ मोजलेले असते, त्याचे काम मोजलेले नसते. पार्कने काम मोजले.

हे सगळे इतिहासाच्या निबंधात कशाला? कारण असाच एक तक्ता आपल्या इतिहासलेखनातही आहे. त्यात हत्ती, घोडे, तोफा आणि बंदुका मोजल्या जातात. मी राहते त्या शहराच्या आसपास दोनशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी एक मोठे युद्ध झाले आणि त्याचे पारडे ज्या प्राण्याने फिरवले तो या तक्त्यात जवळजवळ नाहीच. तो म्हणजे बैल.

बेंगळुरूच्या के. आर. मार्केटजवळ जुन्या किल्ल्याचा एक तुकडा उरला आहे. त्याला दिल्ली दरवाजा म्हणतात. तिथल्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रजांनी कोणत्या खिंडारातून हल्ला केला ते ती सांगते. त्याआधी दोन आठवडे, ७ मार्चला, लॉर्ड कॉर्नवॉलिसने शहराची पेठ घेतली होती. तिसऱ्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले होते. पाटीवर खिंडार आहे. खिंडार पाडणाऱ्या तोफा तिथवर कुणी ओढून आणल्या, ते नाही. याच शहरातल्या बसवनगुडीत मोठ्या बसवण्णाचे देऊळ आहे, दरवर्षी कार्तिकात तिथे शेंगदाण्यांची जत्रा भरते. म्हणजे बैलाला देव मानायला शहराची हरकत नाही. इतिहासात मात्र त्याला जागा नाही.

म्हैसूरच्या राज्यकर्त्यांची दृष्टी वेगळी होती. चिक्क देवराज वडेयर (राज्यकाल १६७२ ते १७०४) यांच्या काळात सरकारी गुरांचे एक खाते होते, ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची चावडी. हैदर अलीने या कळपांकडे लोण्यासाठी पाहिले नाही, तोफांसाठी पाहिले. टिपूने खात्याचे नाव बदलून ‘अमृतमहाल’ केले. गंमत अशी की नावात अमृत असले तरी या जातीच्या गाई दूध बेताचेच देतात. हळ्ळीकार, हागलवाडी आणि चित्रदुर्ग या तीन वाणांतून ही जात घडली असे मानतात. करडा रंग, मुळाशी जवळजवळ आलेली आणि मागे झुकून टोकदार झालेली लांब शिंगे, काटक पाय, तापट स्वभाव. राखीव कुरणांवर, ज्यांना कन्नडमध्ये ‘कावलु’ म्हणतात, हे कळप अर्धवट रानटीच वाढत. पाणी-चारा संपला की एका कावलाहून दुसऱ्या कावलाकडे, अशी त्यांची वर्षाची फेरी ठरलेली असे.

या बैलांचे बळ कशात होते? ओझ्याच्या वजनात हत्ती त्यांच्या कितीतरी पुढे. वेगात घोडा पुढे. पण घोड्याला रोज हरभरा किंवा कुळीथ लागतो, आणि तो वाहून न्यायला पुन्हा जनावरे लागतात. बैल वाटेवरच्या गवतावर निभावतो. अमृतमहालचा बैल त्यावर निभावून पायदळाच्या बरोबरीने चालत असे आणि तोफ मागे पडत नसे. १७८१ मध्ये चिदंबरमच्या बचावासाठी हैदरने अडीच दिवसांत १०० मैल मजल मारली, ती या बैलांच्या जोरावर, असे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक सांगतात. ही मजल त्यांनी शत्रूचे गुण म्हणून नोंदवली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बेंगळुरू घेतल्यावर कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणावर निघाला. १५ मे १७९१ ची लढाई त्याने जिंकली. राजधानी समोर होती आणि तरीही त्याला वेढा घालता आला नाही. पाऊस सुरू झाला होता, टिपूच्या माणसांनी वाटेवरचा चारा जाळला होता, जनावरांत रोग पसरला होता. बैल शेकड्यांनी मेले. तोफा पुढे नेता येत नव्हत्या आणि मागेही नेता येत नव्हत्या. शेवटी जड तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून इंग्रज फौज माघारी वळली. मलबारकडून आलेल्या ॲबरक्रॉम्बीवरही अशीच पाळी आली. रणांगणावर जिंकलेली फौज गोठ्यात हरली.

माघारीच्या वाटेवर, मेलुकोट्याच्या बाजूला, घोडेस्वार दिसले. ते टिपूचे असावेत असे समजून इंग्रज लढायला उभे राहिले. निघाले ते मराठे: हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा. भाऊंनी सप्टेंबर १७९० पासून धारवाडला वेढा घातला होता आणि ते ठाणे हाती यायला एप्रिल उजाडला होता. त्यांच्याबरोबर असलेला इंग्रज अधिकारी एडवर्ड मूर याने पुढे त्या मोहिमेवर पुस्तक लिहिले. मराठ्यांचा तोफखाना किती संथ, त्यांची छावणी किती पसरट, याबद्दल त्यात बरीच नाके मुरडलेली आहेत. पण मे १७९१ अखेरीस उपाशी इंग्रज फौजेला जगवले ते या पसरट छावणीनेच. मराठ्यांच्या बाजारात धान्य होते, महाग पण भरपूर. मार्क विल्क्सने आपल्या दक्षिण भारताच्या इतिहासात त्या बाजाराचे वर्णन केले आहे: काश्मिरी शालींपासून इंग्लंडमधल्या चाकूकात्र्यांपर्यंत सगळे मिळत होते. त्याच्या वर्णनात कौतुक आणि कुचेष्टा सारख्याच प्रमाणात आहेत.

या ठिकाणी माझ्यातली भाषांतरकार थबकते. त्या बाजाराला मराठीत शब्द आहे, ‘बुणगे’. जुन्या कागदपत्रांत बुणगे म्हणजे लढणाऱ्या सैन्याबरोबर चालणारा सगळा जड पसारा: सामानाचे बैल, वाणी, लोहार, बायकामुले, तंबू, गोणी. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून छापलेली पत्रे वाचताना जाणवते की सरदारांचे निम्मे लक्ष दाणावैरणीत असायचे. बुणगे कुठे ठेवावे, कसे हलवावे हा त्यांच्यापुढचा नित्याचा प्रश्न होता. आजच्या मराठीत मात्र ‘बाजारबुणगे’ ही शिवी आहे. निरुपयोगी, गर्दी करणारे, पळपुटे लोक. पानिपतच्या पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मेलुकोट्याला त्यांनीच दोस्तांची फौज वाचवली, हे आठवतही नाही. बैलाचेही तेच. बैलोबा, नंदीबैल, घाण्याचा बैल: अक्कल नसणे, मान डोलावणे, गोल गोल फिरणे, हे आपल्या भाषेने बैलाच्या नावावर लिहून ठेवले. घोडदळ, पायदळ, गजदळ असे शब्द आहेत, बैलदळ नाही. ज्याला शब्द नाही त्याची नोंद होत नाही आणि ज्याची नोंद नाही त्याचे भाषांतर तरी काय करायचे?

कॉर्नवॉलिस मात्र शिकला. १७९१ चा पावसाळा त्याने बेंगळुरूला बसून जनावरे जमवण्यात घालवला. कॅप्टन अलेक्झांडर रीड याच्याकडे रसदीचे काम होते. त्याने लमाणांच्या तांड्यांशी करार केले, आगाऊ पैसे दिले, धान्य आणाल तेवढे घेऊ अशी हमी दिली. लमाण हे कुणाच्याही पदरी नसलेले व्यापारी; हजारो बैलांवर गोणी लादून ते दोन्ही बाजूंच्या फौजांना धान्य विकत, आणि दोन्ही बाजू त्यांना सहसा हात लावत नसत, कारण उद्या गरज आपल्यालाही लागणार. ऑक्टोबरात नंदीदुर्ग पडला, डिसेंबरात सावनदुर्ग. वाटा मोकळ्या झाल्या. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री श्रीरंगपट्टणावर हल्ला झाला आणि मार्चमध्ये टिपूने तह करून अर्धे राज्य दिले. मे आणि फेब्रुवारी या दोन मोहिमांत सेनापती तोच, शिपाई तेच, शत्रूही तोच होता. फरक मुख्यतः रसदीचा होता, आणि रसद म्हणजे बैल.

यापुढची गोष्ट मराठी वाचकाला बोचणारी आहे. १७९९ मध्ये टिपू पडला आणि अमृतमहालचे कळप इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर श्रीरंगपट्टणचा कारभार आर्थर वेलस्लीकडे होता. १८०३ च्या मार्चमध्ये तो हरिहरहून निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात पोहोचला. ऑगस्टात अहमदनगर, २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरात आडगाव, डिसेंबरात गाविलगड. त्याच्या पत्रव्यवहारात बैलांबद्दल इतके आहे की एखाद्याला तो गुरांचा व्यापारी वाटावा. चांगली जनावरे आणि त्यांची चांगली निगा नसेल तर वेगाची गोष्टच करू नका, असे तो पुन्हा पुन्हा बजावतो. मेलुकोट्याला मराठ्यांच्या बैलांनी इंग्रजांना जगवले. बारा वर्षांनी म्हैसूरचे बैल इंग्रजांच्या तोफा ओढत मराठ्यांवर आले.

यावरून बैल हा दुर्लक्षित महावीर होता असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा ठरेल, आणि त्याचा पुरावा त्याच कळपांत आहे. १७९९ नंतर कळप सांभाळायचे काम म्हैसूरच्या नव्या दरबाराकडे गेले, निगा सुटली आणि थोड्याच वर्षांत कळप इतके खालावले की १८१३ मध्ये कॅप्टन हार्वी या अधिकाऱ्याला ते ताब्यात घेऊन नव्याने उभे करावे लागले. जनावर तेच, रक्त तेच. मागची व्यवस्था मोडली आणि बळ गेले. कावल कधी बदलायचे हे जाणणारे गुराखी, वासरू कोणत्या वयात धरायचे हे ठरवणारे कारभारी, गवत राखणारे पहारेकरी यांच्यासह बैल अमृतमहाल होता. एकटा तो फक्त बैल होता. पाचिरिसुचेही असेच आहे. पार्क जिंकल्यावर अनेकांनी ती खार आपल्या संघात घेतली असेल. पण शेजारी विजेला भिणारा आणि जोरकस मारणारा कुणी नसेल तर ती ४०५ आकड्यांची खारच राहते. दुबळ्याचे कौतुक करणे सोपे असते. त्याच्याभोवती काय उभे होते ते शोधणे कष्टाचे, आणि इतिहासकाराचे काम तेच.

ते ‘भोवतीचे’ आज काय अवस्थेत आहे? चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ अमृतमहालचे एक मोठे कावल होते. गेल्या दोन दशकांत त्यातली सुमारे १०,००० एकर जमीन संरक्षण, अवकाश आणि अणुसंशोधन करणाऱ्या संस्थांना देण्यात आली. आसपासच्या गावांतले मेंढपाळ आणि शेतकरी हरित लवादापर्यंत गेले. सरकारी भाषेत असे गवताळ माळ पुष्कळदा ‘पडीक’ ठरतात, कारण त्यांत झाडे नसतात आणि पीक नसते. पुन्हा तोच तक्ता, तीच मोजणी. ज्या गवतावर एका राज्याचा तोफखाना चालला ते पडीक कसे, हा प्रश्न तक्त्यात बसत नाही.

आपल्याकडे सांगली, सातारा, सोलापूर भागातला खिल्लार हा याच म्हैसुरी वाणाचा नातेवाईक मानला जातो. ट्रॅक्टर आल्यावर त्याचे शेतातले काम गेले. आता तो बेंदराला सजतो आणि शर्यतीत पळतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. शर्यत नसेल तर खिल्लार कोण पाळणार, हा पाळणाऱ्यांचा युक्तिवाद आहे आणि तो मला अर्धाच पटतो. पण त्यात एक खरी गोष्ट आहे: जात टिकते ती कौतुकाने नाही, कामाने टिकते. बैलाला आज कोणते काम आहे, आणि ते ओळखण्याची दृष्टी आपल्यापाशी उरली आहे का, हे ठरवायला मला वाटते आधी ‘बुणगे’ या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा वाचायला शिकावा लागेल.