पाबळचा विज्ञान आश्रम

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव आपणांस पद्ममणी तीर्थामुळे सुपरिचित आहे. याच अवर्षणग्रस्त गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापिला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाचे पद सोडून आलेल्या या गृहस्थांनी विद्यार्थी निवडले ते शाळा सुटलेले! वेल्डिंग, सुतारकाम, विजेची जोडणी ही कामे मुले गावाला प्रत्यक्ष सेवा देतच शिकत. भूगर्भातील पाण्याचा शोध घेणारे उपकरण, घुमटाकार घरे येथेच घडली. शाळेने नापास ठरविलेल्यांचे हात त्यांस लागले, हे ध्यानी घ्यावे. चतुर्विध दानांतील ज्ञानदान आपण बहुधा वह्या-पुस्तकांत मोजतो. तेथे ते हत्यारांच्या रूपाने होते. २००३ साली कलबाग निवर्तले. ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम मात्र त्यांच्या पश्चातही चालू राहिला.